तिसरी घंटा : प्रश्न तुमचे, उत्तरं विंगेतून

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जरा जाडच होता. निम्मी पत्रं नाटक शिकण्याबद्दल, उरलेली ते करताना आलेल्या अडचणींबद्दल. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गावं छापते. मागं एकदा नाव छापलं होतं. त्या पोराच्या वडिलांनी ते वाचलं आणि त्याच संध्याकाळी त्याची तालीम बंद केली. तेव्हापासून हा नियम.

सेलू : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. युवक महोत्सवात दोन एकांकिकांत काम केलं, एक लिहिली. पुढं नाटकच शिकायचं आहे. लेखन शिकू की दिग्दर्शन? आणि हे शिकून येतं का? घरचे म्हणतात, बी.एड. कर.

बी.एड.वर एवढी चिडू नकोस गं. मीही सात वर्षं शाळेत शिकवलंय, आणि त्या पगारातूनच आमच्या ग्रुपचे काळे पडदे शिवले गेले. असो.

आधी कुठं शिकायचं ते. जवळचं म्हणजे संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. कमलाकर सोनटक्के यांनी तो उभा केला. एकट्यानं बावन्न पात्रं रंगवणारे लक्ष्मण देशपांडेही तिथंच शिकवायचे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे तीन वर्षांचं काम, आणि तिथं पदवी लागते, म्हणून बी.ए. अर्धवट सोडण्याचं मनातही आणू नकोस. बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे तिथं शिकले आणि 2013 मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले, हे घरच्यांना सांगून बघ. काम केलेल्या प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, प्रमाणपत्र आणि फोटो एका फाइलीत लावून ठेव. प्रवेशाच्या वेळी ही फाइल बोलते.

कुठंही गेलीस तरी ऑफिसात फी विचारायच्या आधी तिथल्या मुलांना गाठ आणि दोन गोष्टी विचार. वर्षाला किती प्रयोग होतात? पहिल्या वर्षाच्या पोरांना त्यात काय काम देतात? 'पहिल्या वर्षी फक्त थिअरी' असं उत्तर आलं, तर चहा पी आणि दुसरीकडं चौकशी कर.

आता लेखन की दिग्दर्शन. तुला माझी फजितीच सांगते. मी अंबाजोगाईहून शिकायला गेले तेव्हा माझी समजूत होती की मी लेखिका आहे. सुताराच्या, इलेक्ट्रिशियनच्या कामाशी माझा काय संबंध! पहिल्याच वर्षी एक एकांकिका लिहिली. शेवट असा : 'अंगणात आड. ती आडाच्या काठावर उभी राहते. मागं वळून बघते. उडी.' लिहिताना मीच रडले होते.

आमच्याकडं नेपथ्य करणारे एक काका होते. त्यांनी संहिता वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, आड बनवून देतो. पण उडी मारल्यावर पोरगी जाणार कुठं? खाली फरशी हाय."

रंगमंचाला तळघर नव्हतं. मग ट्रॅक्टरचा जुना टायर आणून त्याला पोत्याची खोळ शिवली. आत गादी टाकली. मुलीनं उडी मारली आणि तिचं डोकं काठाच्या वर दिसत राहिलं. तालमीत सगळे पोट धरून हसले. तीन रात्री आम्ही त्या टायरशी झटलो. चौथ्या रात्री काका म्हणाले, "आड विंगेतच ठेव की."

मग आडच काढून टाकला. उजव्या विंगेत छताच्या पाइपाला कप्पी बांधली. दोराचं एक टोक रंगमंचावर त्या बाईच्या हातात, दुसरं आत, पोहऱ्याला. नाटकभर ती तीनदा पाणी शेंदते. कप्पी कुईकुई करते, दोर ताणलेला असतो, ती बोलत असते. शेवटी ती विंगेत जाते. रंगमंचावर कुणी नाही. दोर ताणलेला दिसतो. आणि मग तो सैल पडतो. बस. पोहरा पडल्याचा आवाजसुद्धा केला नाही.

हा शेवट मी लिहिला म्हणायचं, का दिग्दर्शन केलं, का नेपथ्य? मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं, की टायरच्या तीन रात्री नसत्या तर तो सुचला नसता.

पुढची गंमतही ऐक. स्पर्धेच्या दिवशी आमच्यातल्या एका कष्टाळू पोरानं सकाळी येऊन सगळं सामान पुसून ठेवलं. आणि 'कप्पी लई आवाज करायली' म्हणून तिला तेल घातलं! पहिल्यांदा पाणी शेंदलं तेव्हा चिडीचूप. नाटकभर आम्ही त्या कुईकुईची वाट बघत होतो. त्याला कुणी रागावलं नाही, कारण चूक माझी होती. सामानाच्या यादीत मी 'कप्पी' लिहिलं होतं, 'वाजणारी कप्पी' लिहिलं नव्हतं.

तेव्हा निवड एवढ्यात करूच नकोस. पहिली दोन वर्षं लिही, दुसऱ्याचं लिहिलेलं बसव, आणि तिसऱ्याच्या नाटकात लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचल. दोन्ही वर्षी तिन्ही.

गंगाखेड : माझ्या एकांकिकेतली माणसं आमच्या बोलीत बोलतात. परीक्षक म्हणाले, बोली फार झाली, पुण्यामुंबईला कळणार नाही. प्रमाण भाषेत लिहू का?

नको. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक जालन्याच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलं, नंदू माधव यांनी बसवलं आणि त्यात जालना जिल्ह्यातली शेती करणारी पोरं होती. मुंबईकरांना ते बरोबर कळलं. तेव्हा कळण्या-न कळण्याची काळजी सोड.

पण परीक्षकांना काहीतरी खटकलं होतं, आणि तू संहिता पाठवलीस म्हणून मलाही ते दिसलं. पान चारवर तुझा म्हातारा म्हणतो, "मपल्या वावरातून रस्ता जाऊ लालाय अन् मलाच कुणी इचारीना." झकास. याच्यावर कुणी पेन लावू नये. दोन पानांनी तोच म्हातारा म्हणतो, "या मातीशी माझं रक्ताचं नातं आहे, मला अत्यंत यातना होत आहेत." हे कोण बोलतंय? तू बोलतोयस, त्याचं धोतर नेसून. भावना मोठी झाली की आपण घाबरून पुस्तकातली भाषा काढतो. त्या जागी त्याला बोलूच देऊ नकोस. त्याच्या हातात सातबारा आहे ना? तो त्याला नीट घडी घालून खिशात ठेवू दे, आणि खिसा फाटका निघू दे.

दुसरं म्हणजे तुझ्या नाटकात सगळेच सारखं बोलतात. गंगाखेडचा माणूस भावकीशी बोलतो तसं तलाठ्याशी बोलतो का? तुझा मास्तर घरात 'मपलं' म्हणत असेल आणि शाळेची पायरी चढली की 'माझं' म्हणत असेल. ते बदलतं कुठं, कुणासमोर, आणि कधी त्याची गडबड होऊन वर्गातच 'मपलं' निघून जातं, त्यात खरं नाटक आहे. बोली म्हणजे फोडणीतला कढीपत्ता नव्हे, वरून टाकायला. बसस्टँडवर अर्धा तास बस. गाडी लागली असं कंडक्टर ओरडला की कोण कुणाशी कसं बोलतं, ते वहीत उतरव. असं आठ दिवस कर, मग पान सहा पुन्हा लिही.

मानवत : दिग्दर्शन पहिल्यांदाच करतोय. पोरं तालमीला येत नाहीत. सातजणांपैकी चारच जमतात. दिवाळीनंतर स्पर्धा आहे. काय करू?

कापूस वेचायला आलाय आणि तू सातच्या सातजणांना रोज संध्याकाळी सहाला बोलावतोयस. ती येणार कशी? नाटक नाही, वेळापत्रक चुकलंय.

एक मोठा कागद घे. आडवे एकांकिकेचे तुकडे पाड. कुणी आलं किंवा गेलं की नवा तुकडा. उभी पात्रांची नावं. ज्या तुकड्यात जो आहे तिथं फुली. आता बघ, सातहीजण एकत्र असलेले तुकडे किती? बहुतेक एकांकिकांत दोन किंवा तीन. बाकी सगळे दोघांचे, तिघांचे. ज्यांचं रान आहे त्यांना रात्री नऊनंतर, त्यांच्या तुकड्यापुरतं बोलाव, आणि तासाभरात सोड. विनाकारण ओट्यावर बसवून ठेवलेला नट दुसऱ्या दिवशी येत नाही. सातहीजणांची तालीम आठवड्यातून एकदाच, आणि त्या आठवड्यात अमावास्या आली तर त्याच दिवशी धर. बऱ्याच घरी त्या दिवशी औत धरत नाहीत.

जागा नाही असंही लिहिलंयस. मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे की. फक्त स्पर्धेच्या रंगमंचाची लांबी-रुंदी आधी फोनवर विचारून घे. टेप धर, गेरूनं फरशीवर त्या मापाचा चौकोन आख, आणि दार, बाज, चूल यांच्या जागा आत काढ. सभामंडपातले खांब मधे येतील, त्यांना पात्र समजून वळसा घालू नका, चौकोनच सरकवा. आमच्या एका नाटकात नायक स्पर्धेच्या रंगमंचावर, रिकाम्या जागेत, कारण नसताना वळसा घालून जायचा. दोन महिने तो एका खांबाला टाळत आला होता!

आणि हालचाली लिहून ठेव. पेन्सिलीनं, संहितेच्या समासात. 'काल मी कुठून उठलो होतो?' या प्रश्नावर तालमीतला निम्मा वेळ जातो.

पैठण : समकालीन रंगभूमी समजायला जर्मन नाटककार ब्रेश्ट वाचायलाच हवा का? डोक्यावरून जातो.

तू पैठणचा असून विचारतोयस? नाथांचं विंचवाचं भारूड बघितलं असशील. बाई विंचू चावल्यावर विव्हळते, लोळते, लोक हसतात. आणि मधेच ती उठून लोकांकडं वळते आणि सांगते, की बाबांनो, हा विंचू म्हणजे काम-क्रोध. वेदना दाखवायची, आणि प्रेक्षक त्यात बुडायला लागला की त्याला खांद्याला धरून जागं करायचं. ब्रेश्टनं 1935 मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाला बघितलं, आणि नट पात्रापासून एक पाऊल लांब उभा राहून ते दाखवू शकतो, हा त्याचा विचार तिथं पक्का झाला. म्हणजे त्यालाही तो आपल्यासारख्याच जुन्या खेळात सापडला.

वाच, पण आधी भारूड उभं कर. मग ब्रेश्ट डोक्यावरून जाणार नाही. फार तर कानाजवळून जाईल.

गेवराई : प्रसिद्ध लेखकाची एकांकिका करतोय. परवानगी लागतेच का? आम्ही हौशी आहोत.

कायद्यात हौशी मंडळींना विनातिकीट प्रयोगासाठी सवलत आहे. तिकीट लावलं की ती संपली. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढं 60 वर्षं चालतो, म्हणजे 'लेखक वारले, आता कोण विचारतंय' हे चालत नाही, वारसांना विचारायचं. स्पर्धावाले तर लेखकाचं पत्र मागतातच. राज्यात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, आणि ते आठवडाभर आधी धावपळ करून मिळेल या भरवशावर राहू नका.

कायदा सोडा. माझी एकांकिका एकदा एका गावात शेवट बदलून झाली. बाई आडात जात नाही, नवरा येऊन तिची माफी मागतो, आणि दोघं सेल्फी काढतात. हे मला प्रयोगानंतर कळलं. पत्र आधी आलं असतं तर मी मानधन एक नारळ मागितला असता, आणि शेवटाला हात लावू दिला नसता.

हिंगोली : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते सोडून नाटक शिकतो म्हणतोय. पोटाचं काय? स्पष्ट लिहा.

ताई, स्पष्टच लिहिते. नुसत्या नाटकावर घर चालवणारे थोडे. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगामागं पैसे मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. बाकी जण मालिका लिहितात, डबिंग करतात, शाळा-कॉलेजात नाटक शिकवतात, कार्यक्रमांची प्रकाशयोजना करतात. या शेवटच्या कामात इंजिनिअर मुलाला बरं जमतं, हे मी बघितलंय. नाटककार प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी संभाजीनगरच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून मुंबईला गेले आणि उभे राहिले. पण ती दोन नावं सांगून तुम्हाला मी फसवणार नाही.

पदवी पूर्ण करू द्या. ती हट्टानं करून घ्या, कारण पुढं राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या ठिकाणीही पदवी लागते. राहिलं, त्याला खरंच नाटक लागलंय का नुसत्या टाळ्या. त्याच्या पुढच्या प्रयोगाला जा, आणि पडदा पडल्यावर अर्धा तास थांबा. तो फोटो काढून मित्रांबरोबर निघून गेला, तर काळजी नको, उतरेल ते वेड. तो विंगेत बसून खिळे मोजत असेल, उसनी आणलेली समई कागदात गुंडाळत असेल, तर ताई, तुमचा इलाज चालायचा नाही.

अहमदपूर : मी शिक्षक आहे. शाळेच्या मैदानावर मुलांची दोन अंकी नाटिका करायची आहे. लाइटसाठी पैसे नाहीत, मंडपवाल्याचे चार हॅलोजन आहेत. वीज कधी जाईल सांगता येत नाही.

सर, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण माझी निम्मी हयात याच्यात गेली.

आधी वायरी. हजार वॅटचा हॅलोजन 230 व्होल्टला सव्वाचार अँपियरच्या वर ओढतो. वर्गातल्या साध्या 6 अँपियरच्या सॉकेटवर एकच लावायचा. 16 अँपियरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर तीन. चारही एका बोर्डावर लावून 'चालतंय की' म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो, त्याला लांब ठेवा. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर आतून तापून चिकटते. मुलं अनवाणी वावरणार, म्हणून अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात काटकसर नाही. एलईडी पार, म्हणजे रंगमंचाचे एलईडी दिवे, भाड्यानं मिळाले तर उत्तमच, एकेक दीडशे वॅटच्या आसपास खातो आणि तापत नाही.

दोन दिवे समोरून, मंचापासून दहा-बारा फुटांवर, एक डावीकडून, एक उजवीकडून, बांबूला बांधून मुलांच्या डोक्यापेक्षा सहा-सात फूट उंच. एका मुलाला मधे उभं करा आणि एकच दिवा लावून त्याच्या नाकाची सावली बघा. ओठाच्या कोपऱ्यावर पडली, तर दिवा जागेवर आहे. हनुवटीपर्यंत उतरली, तर फार उंच बांधलाय, डोळ्यांच्या खोबण्या होतील. मागच्या पडद्यावर मुलाएवढी सावली उभी राहिली, तर फार खाली. उरलेले दोन मागून तिरके मारा, म्हणजे मुलं पडद्याला चिकटलेली दिसणार नाहीत. रंग हवा असेल तर जिलेटिनच, म्हणजे दिव्यांसाठीचा रंगीत पारदर्शक कागदच लावा. पतंगाचा किंवा क्रेपचा कागद हॅलोजनसमोर लावू नका, पेटतो. वाळूच्या दोन बादल्या विंगेत हव्यातच.

डिमर नाही म्हणून प्रकाश हळूहळू मालवता येत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. चार बटणं, चार मुलं, आणि त्यांना संहितेवर लाल पेन्सिलीनं खूण. चालू-बंद एवढंच. लिहितानाच प्रवेश त्या हिशेबानं संपवा, म्हणजे झटकन अंधार होणं चूक वाटणार नाही.

आणि वीज गेली तर. एका खेड्यात आमच्या पहिल्या अंकाच्या मधेच गेली. प्रेक्षकांतून दोघंजण उठले, न सांगता गेले, आणि दहा मिनिटांत दोन ट्रॅक्टर मंचासमोर उभे. हेडलाइट चालू. प्रकाश असा सुंदर पडला की तसा मला पैसे देऊन कधी पाडता आला नाही. पण इंजिनं चालू, त्यामुळं मरणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा शेवटचे शब्द ओरडून सांगावे लागले. तेव्हा गावात आधीच बोलून ठेवा. ट्रॅक्टर मंचापासून जमेल तितका लांब आणि तिरका लावायचा, धूर प्रेक्षकांकडं जाणार नाही असा. आणि डिझेल आधी बघून घ्या. आमच्यातल्या एकाचं दुसऱ्या अंकात संपलं, मग उरलेलं सगळं नाटक डाव्या बाजूला झालं.